साडूभाऊंचा वारा

जगात जेवढे म्हणून साडू असतील, त्यांतला सहन करायला सर्वांत अवघड साडू माझ्या वाट्याला आला आहे, आणि हे मी त्याच्याविषयी मनात पुरती माया ठेवून म्हणतो. कुणाचा साडू श्रीमंत असतो, कुणाचा गोरापान असतो, कुणाचा मुंबईत ब्लॉक घेऊन बसलेला असतो. माणूस दोन-चार वर्षं जळफळतो आणि मग त्याची सवय होते. माझा साडू उडायचा. ऐंशी सालानंतरच्या त्या दिवसांत रत्नागिरीत टेलिफोनसाठी अर्ज केला तर तो मुलाच्या लग्नापर्यंत येईल अशी आशा धरायची, रेल्वे अजून नकाशावरच धावत होती, आणि हा गृहस्थ तीन चाकांच्या सांगाड्यावर बसून, पाठीशी इंजिन आणि डोक्यावर कापडी पंख घेऊन आमच्या सासुरवाडीच्या सड्यावरून, म्हणजे गावाच्या डोक्यावरच्या त्या सपाट कातळावरून, हवेत चढायचा. आता मला सांगा, अशा साडूची सवय कशी व्हावी?

त्याच्याआधी त्या घरात मी होतो. थोरला जावई. मी रत्नागिरीत सरकारी कचेरीत नोकरीला, शनिवारच्या एसटीने सासुरवाडीला पोचलो की घरात लगबग उडायची. मोसमातला पहिला पिकलेला हापूस माझ्या हातात, बसायला आतल्या खोलीतली खुर्ची, आणि वर्तमानपत्रातल्या कुठल्याही बातमीवर शेवटचा शब्द माझा. मग बायकोच्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं. मुलगा शेजारच्या गावचा बागायतदार, दापोलीला शेतकी शिकलेला, अंगाने काटकुळा, बोलायला कमी. मला तो पसंत पडला होता. हा आपल्याला कशातही भारी पडणार नाही, असं मुलगी दाखवायच्या कार्यक्रमातच मी बायकोला हळूच सांगितलं होतं. पुढे तो आंबे विकायला पुण्याला गेला. तिकडच्या डोंगरांवर काही हौशी मंडळी कापडी पंख बांधून उड्या घेत होती. त्यांच्यात हा पंधरवडाभर रमला, पुढची दोन-तीन वर्षं तेच करत राहिला, आणि शेवटी मायदेशी परत निघालेल्या कुणा गोऱ्या माणसाकडून त्याने ते यंत्रच विकत आणलं. आंब्याच्या पेट्या पुण्याला टाकून रिकाम्या परतणाऱ्या ट्रकमधून ते आलं. सासूबाईंनी त्याला ओवाळलं, पुढच्या चाकाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. मी नवी सायकल घेऊन गेलो होतो तेव्हा 'पडवीत लावा, कोंबड्या बसतील वर' एवढंच म्हणाल्या होत्या.

उडणारा माणूस म्हटला की तो बेफिकीर असेल असं तुम्हाला वाटेल. माझा साडू म्हणजे सबंध तालुक्यातला सर्वांत भित्रा माणूस. तो उडण्यापेक्षा न उडण्याबद्दलच अधिक प्रसिद्ध होता. दिवाळीनंतर आभाळ मोकळं झालं की शिमग्यापर्यंत रोज उजाडताना तो सड्यावर जाऊन उभा राहायचा. खिशात रुईच्या बोंडांतला कापूस भरलेला असायचा, ज्याच्या म्हाताऱ्या आपण लहानपणी फुंकरीने उडवतो तो. सड्याच्या कडेला जाऊन तो एकेक म्हातारी सोडायचा आणि ती कुठे जाते ते टक लावून बघत बसायचा. ती संथपणे, सरळ रेषेत वर चढली तर ठीक. मध्येच गिरकी घेतली, खाली दबली, उगाच डगमगली, की हा खिसा झाडायचा आणि म्हणायचा, "आज नको." एवढ्या दोन शब्दांसाठी गाव सड्यावर जमायचं आणि समाधानाने घरी जायचं. वाऱ्याची त्याला ओळख तरी किती! समुद्राकडून येणारा वारा डोंगराच्या पुढच्या अंगाला शिस्तीत वर चढतो, पण माथा ओलांडून मागे उतरला की गटांगळ्या खातो, म्हणून डोंगराच्या पाठीमागे कधी जायचं नाही. ऊन चढलं की कातळ तापतो आणि वरची हवा उकळायला लागते, म्हणून न्याहारीच्या वेळेआधी जमिनीवर. दोन डोंगरांच्या बेचक्यात वारा आपली चाल बदलतो, म्हणून तिथे पाऊल नाही, म्हणजे पंख नाही. हे सगळं तो सासूबाईंना भाकरी थापताना समजावून सांगायचा आणि त्या मान डोलवायच्या. बाहेर समुद्रावर वारा कसा आहे हे विचारायला तो मिरकरवाड्याच्या बंदरात जायचा, रात्रभर मासेमारी करून आलेल्या खलाशांशी गप्पा मारायचा आणि येताना सुरमई आणायचा. तिची मधली तुकडी कुणाच्या ताटात पडायची आणि शेपटाकडची कुणाच्या, हे सांगायची गरज नाही.

त्याचा एक मुख्य नियम होता. "इंजिन बंद पडलंच आहे असं धरून उडायचं, साडूभाऊ," तो मला सांगायचा. "चालू राहिलं तर तो फायदा." म्हणजे हवेत प्रत्येक क्षणी, आत्ता इंजिन थांबलं तर आपण तरंगत कुठे उतरणार, ती जागा डोळ्यासमोर पाहिजे. नियम चांगलाच आहे, पण तो त्याने जमिनीवरही लागू केला होता. लग्नमंडपात तो दाराजवळ बसायचा. कुणाकडे पहिल्यांदा गेला तर घरापेक्षा अंगण आधी बघायचा. रस्त्याने चालताना मध्येच थांबून एखाद्या कापणी झालेल्या भातखाचराकडे बोट दाखवून म्हणायचा, "इथं मजेत उतरता येईल." सासऱ्यांनी मोठ्या हौसेने परसातल्या मोकळ्या वरकस जमिनीत हापूसची कलमं लावली, तर सगळ्यांनी तोंड भरून कौतुक केलं आणि हा हळहळला, "चांगली जागा होती हो." स्कूटरवरून सड्याचा उतार लागला की इंजिन बंद करून टाकायचा आणि नुसत्या वजनावर गाडी खाली गावापर्यंत सोडायचा, सराव राहावा म्हणून. हेच मी केलं असतं तर पेट्रोल वाचवतो म्हणून घरात हसले असते. त्याच्याबद्दल माझी बायको म्हणायची, "किती विचारी आहेत, नाही?"

आणि ज्या दिवशी म्हातारी सरळ जायची त्या दिवशी हा खरोखरच उडायचा. कपातला चहा निवेल एवढाच वेळ, पण उडायचा. मी एकदोनदा खालून पाहिलं. तो लाल-पांढरा पंख उन्हात आला की मी मान मोडेपर्यंत वर बघत राहायचो, आणि का ते स्वतःलाही सांगत नसे. रत्नागिरीला परत आलो तर केस कापणारा वस्तरा थांबवून विचारायचा, "काय म्हणतायत तुमचे साडू? उडले काय?" माझ्या प्रमोशनबद्दल त्या खुर्चीत कुणी कधी विचारलं नाही. यंत्राला मागे आणखी एक बैठक होती. त्या बैठकीवर वजनाची सवय राहावी म्हणून तो तांदळाची गोण बांधून न्यायचा. उतरल्यावर सासूबाई त्याच गोणीतल्या तांदळाचा भात घालायच्या आणि 'आभाळ बघून आलेला तांदूळ' म्हणून वाढायच्या. मी तो भात खाल्ला आहे. साध्या तांदळाचा एवढा हेवा मला आयुष्यात कधी वाटला नव्हता.

मला वर जायचं होतं. इतकं की रात्री स्वप्नात मी उडायचो आणि सकाळी कचेरीत उगाच शिपायावर खेकसायचो. पण विचारणार कसं? थोरल्या जावयाने धाकट्याकडे काही मागायचं, तेसुद्धा जेवणाच्या पंगतीत सगळ्यांसमोर? शेवटी भाऊबिजेला बायकोनेच विषय काढला. "यांना एकदा न्या की हो वर," ती म्हणाली. साडूने घास खाली ठेवला आणि वाऱ्याकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं. "नेईन," तो म्हणाला, "पण वारा मिळेल तेव्हा." झालं! त्या हिवाळ्यात मी एक शनिवार चुकवला नाही. रविवारी उजाडायच्या आत सड्यावर हजर, स्वेटर, कानटोपी. तो म्हाताऱ्या सोडायचा आणि म्हणायचा, "आज नको." आणि सोमवारी मी कचेरीत पोचतो न पोचतो तोच सासुरवाडीच्या गाडीचा कंडक्टर खिडकीशी येऊन सांगायचा, "आज ग्येले बगा वर तुमचे साडू! गोन बांधून!" आता हा माझा शत्रू नाही असं मी कशावरून समजावं?

माझा चेहरा बघून सासूबाईंनी मामला ग्रामदेवतेपुढे नेला. आमच्याकडे घर बांधण्यापासून मुंबईची नोकरी धरण्यापर्यंत कशालाही देवाचा कौल लावतात. गुरव गाऱ्हाणं घालतो, देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवतो, आणि उजव्या बाजूची आधी पडली की होकार, डावीकडची पडली की नकार. थोरल्या जावयाने वर जावं का नको? सगळे श्वास रोखून बसलो. उजवीकडची पाकळी टपकन पडली. मी त्या देवाला मनातल्या मनात लोटांगण घातलं. पुढच्या रविवारी सबंध गाव सड्यावर लोटलं, कुणीतरी ढोलसुद्धा आणला होता. गोण काढून तिथे मी बसलो. डोक्यावर हेल्मेट, कमरेला पट्टा. साडू पुढे बसला, इंजिन सुरू केलं. सासूबाईंनी नारळ फोडला. त्याने म्हातारी सोडली आणि ती, माझ्या अडाणी डोळ्यांना तरी, एखाद्या शहाण्या मुलीसारखी सरळ वर चढली, माडांच्या शेंड्यांवरून पुढे गेली, दिसेनाशी झाली. समोर उतारावर ऊन आलं होतं, पलीकडे समुद्र नुसता चमकत होता. मी दोन्ही हातांनी सांगाडा धरला. आणि साडूने इंजिन बंद केलं.

"आज नको," तो म्हणाला.

ढोल थांबला. गुरव पुढे आला, रागाने लाल. "देवान उजवा कौल दिलान, आनि तुमी नाय म्हनताव?" साडू खाली उतरला, हात जोडले. "देवानं कौल साडूभाऊंना दिलाय हो. माझ्यासाठी कुठं लावला होतात?" लोक हसले. मी हेल्मेट काखेत घेऊन, सगळ्यांच्या नजरा पाठीवर झेलत सडा उतरलो. मागून कुणीतरी म्हणालं, "साडवान साडवाक नाय न्येलान बगा." आता गोष्टीत असतं तर त्या दिवशी वादळ सुटलं असतं, फांद्या मोडल्या असत्या आणि मी त्याचे पाय धरले असते. तसलं काही झालं नाही. दिवसभर झाडाचं पान हललं नाही. तेवढी शांत हवा मी कोकणात क्वचितच पाहिली आहे. त्यानंतर मी त्याच्याशी बोलणं टाकलं. सासुरवाडीला गेलोच तर त्याच्याकडे पाठ करून जेवायचो, आणि तो मुकाट्याने त्याची सुरमईची तुकडी माझ्या ताटात सरकवायचा. मी ती खायचो, पण बोलायचो नाही.

पुढे त्या पंखाचं आयुष्यच सरलं. खाऱ्या हवेने कापड विरलं, एका पावसाळ्यात उंदरांनी त्यात घर केलं. असल्या कापडाखाली जीव टांगायला तो तयार होईना, आणि नवीन आणायचं जमलं नाही. सांगाडा गोठ्यात गेला, त्यावर पेंढा रचला गेला, इंजिन कलमांच्या फवारणीच्या पंपाला लागलं. मला आनंद झाला का? झाला, चांगला दिवसभर झाला. दुसऱ्या दिवशी केस कापणाऱ्याने काहीच विचारलं नाही तेव्हा मात्र चुकल्यासारखं वाटलं.

दोन-तीन वर्षांनी, थंडीच्या दिवसांतच, एका संध्याकाळी आम्ही दोघे सड्यावर बसलो होतो. बोलणं तोवर पुन्हा सुरू झालं होतं, साडवांना फार काळ अबोला परवडत नाही. त्याने सवयीने खिशातून म्हातारी काढली आणि सोडली. ती सरळ गेली. मला राहवलं नाही. "खरं सांगा, त्या दिवशी वारा एवढा वाईट होता?"

"छे हो," तो म्हणाला. "तेवढा चांगला वारा मला कधी मिळाला नाही."

"मग?"

त्याने आणखी एक म्हातारी सोडली. "तुम्ही मागं बसलात, पट्टा आवळलात, आणि उतरायच्या सगळ्या जागा मला एकदम लहान दिसायला लागल्या. गोण असायची तोवर काही वाटायचं नाही. इंजिन बंद पडलंच आहे असं एरवी मी धरतो. तुम्ही मागं असताना मला ते धरवेना. गावासमोर काय सांगणार? म्हटलं, वाऱ्यावर ढकलावं. वारा काही रागवत नाही."

तशातही मला हेवा वाटलाच, की हे असं सरळ बोलणंसुद्धा याला जमतं, मला जमलं नसतं. आणि ज्याच्या पंखावर मी वर्षानुवर्षं डोळा ठेवून बसलो होतो, त्याला माझ्यासाठी एवढी धडकी भरली होती, हे मला ठाऊकच नव्हतं.

अंधार पडायला लागला तसे आम्ही उठलो. त्याने स्कूटर काढली, मी मागे बसलो. उतार लागला आणि नेहमीप्रमाणे त्याने इंजिन बंद केलं. कानांत नुसता वारा राहिला. डाव्या हाताला समुद्र, खाली माडांचे शेंडे, त्यांच्याखाली सासूबाईंच्या अंगणातला दिवा. "नीट धरलंत ना, साडूभाऊ?" त्याने मागे न बघता विचारलं. मी त्याच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले. आवाज न करता आम्ही खाली खाली येत होतो, आणि तो उतार संपू नये असं मला फार वाटत होतं.