मासे दिसेनात, पाणी कोऱ्या चहासारखं

मंडळी, मदत हवी आहे. सकाळी उठलो तर फिशटँकचं पाणी कोऱ्या चहासारखं तपकिरी झालेलं, आणि धाकट्या बहिणीचे दोन्ही गोल्डफिश दिसेनात. ती कुडाळला शिकायला गेली तेव्हा माझ्यावर सोपवून गेली होती.

काल किनाऱ्यावर सापडलेलं एक वाकडं, सुंदर लाकूड मी नुसतं धुऊन आत ठेवलं होतं.

बाबा मासेमारी करतात. टाकी बघून म्हणाले, "होडयेचो तुकडो नाय मां? होडयेक काजीचा त्याल लावतत. तेना कीड मरता, मगे तुझे मासे कशे जगतले?"

काजूच्या टरफलाचं तेल म्हणजे विषच! कसेबसे मासे बादलीत काढले. बाबांनी लाकूड कोयत्याने तासलं, हुंगलं. "सुरूच्या झाडाचा मूळ आसा रे. नुसतो रंग सुटता. भित्रो खंयचो!"

आता लाकूड चुलीवर उकळतंय. कितीदा पाणी बदललं, तरी रंग येतोच आहे. पण बादलीतला एक मासा अजून दाणा खात नाही. संध्याकाळी बहिणीचा व्हिडिओ कॉल येईल, आणि ती आधी मासेच बघते.

कुणाला माहीत असेल तर सांगा. मासा नुसता घाबरूनही खायचा थांबतो का? मीही सकाळपासून जेवलेलो नाही.