वहीत दडवलेले पाच दिवस

आमच्या घरी पत्रक लिहायची एक रीत होती: मथळा आधी, मजकूर नंतर. वडील म्हणायचे, मथळा जमला की बाकीचं पत्रक आपोआप त्याच्यामागे चालत येतं. टँकर, बिल्डर, हुंडा, बुवाबाजी, सगळ्यांवरची पत्रकं विरारच्या आमच्या दोन खोल्यांत लिहिली गेली आणि जमिनीवर बसून आम्ही त्यांच्या घड्या घातल्या. मी वाचायला शिकले तीही पत्रकांवरच. त्यामुळे उद्गारचिन्ह मला प्रश्नचिन्हाच्या बरंच आधी ओळखू यायला लागलं.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या पत्रकं काढणाऱ्या मंडळात बातमी आली की जवळच्या निर्मळ गावातल्या शाळेत संध्याकाळी योगाचा वर्ग भरतो आणि तिथे म्हणे मधुमेह बरा करतात. पत्रक काढायचं ठरलं. आठ दिवस वर्गात बसून पुरावे गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. निघण्याआधीच मी वहीच्या पहिल्या पानावर मथळा लिहून टाकला: ‘आसनांच्या नावाखाली अंधश्रद्धा!’ आणि सायकलवर टांग मारली.

वर्गात पंधराएक बायका. बहुतेक वाडीवाल्या, पहाटे फुलं खुडून दुपारी जरा आडव्या होऊन आलेल्या. शिकवणाऱ्या बाई गणिताच्या निवृत्त शिक्षिका. मी ज्याची वाट पाहत होते तसं काहीच तिथे नव्हतं. फोटो नाही, उदबत्ती नाही, प्रवचन नाही. बाईंनी आम्हाला नुसतं उभं केलं, डोळे मिटायला लावले आणि विचारलं, “आत्ता तुमचं वजन कुठे आहे? टाचेवर की चवड्यावर? उत्तर मला देऊ नका. बघा फक्त.”

माझ्या शेजारी एक जाडजूड मावशी होत्या, केसांत मोगरा. त्या डोळे मिटूनच म्हणाल्या, “दोनी पायांवर हाय बाई. तिसरा कुठून आनू?”

सगळ्या हसल्या. बाईही हसल्या. मी हसता हसता लक्ष दिलं तर माझं सगळं वजन डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेवर होतं. वीस वर्षं मी अशी कलून उभी होते आणि मला पत्ता नव्हता! मोर्चात उभी राहिले, भाषणाला उभी राहिले, तीही अशीच का? त्याचं मला फार नवल वाटलं. आणि त्याहून नवल याचं, की उत्तर नको असलेला प्रश्न आजवर मला कोणी विचारला नव्हता. आमच्याकडे प्रश्न विचारायचा तो समोरच्याला कोंडीत पकडायला.

पण कामाला आले होते. मी वही उघडून बसायची. मावशी चिडवायच्या, “ही वहीवाली श्वास बी लिवून घेते. घरी जाऊन वाचत असंल, आत घेतला का भायेर सोडला.”

तिसऱ्या दिवशी चटया गुंडाळताना मावशी दुसऱ्या बाईला सांगत होत्या, “आता चक्कर येत नाय मला. गोळ्या बंद केल्या कालपासून. साखरेच्या.” मी कान टवकारले. सापडला पुरावा! वहीत लिहिलं: ‘वर्गामुळे रुग्णाने औषध सोडलं.’ खाली दोन रेघा मारल्या. त्या संध्याकाळी सायकल मी उडवतच घरी नेली. मावशींना मात्र एक शब्द विचारला नाही. विचारलं असतं आणि त्यांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या असत्या, तर पत्रकात काय उरलं असतं? असा विचार मी तेव्हा स्पष्ट केला नव्हता. पण तो होता.

आठव्या दिवशी बाईंनी पुन्हा ताडासनात उभं केलं. “टाच जमिनीला टेकलेली जाणवते का?”

“टाच?” मावशी म्हणाल्या. “ती तर कधीची गप झालीय.”

या वेळीही हशा पिकला. पण बाई हसल्या नाहीत. त्या मावशींजवळ आल्या, खाली बसल्या. “पाय उचला बघू.” टाचेत लिंबाचा काटा मोडलेला होता. भोवती पिवळा पू. मावशी वाकून बघायला लागल्या आणि दुसऱ्या कोणाचा पाय असावा तशा म्हणाल्या, “अगो बया! कधी गेला ह्यो?”

“साखरेच्या गोळ्या चालू आहेत ना?” बाईंनी विचारलं.

मावशी काही बोलायच्या आत माझ्या तोंडून निघून गेलं, “सहा दिवस बंद आहेत.”

बाईंनी मान वर केली. “तुला कधी कळलं?”

“पाच दिवसांपूर्वी.”

“मग बोलली का नाहीस?”

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. माझ्याकडे उत्तर होतं, पण ते वहीत होतं आणि वही मला उघडवेना.

बाई स्वतःशीच म्हणाल्या, “मीही विचारायला हवं होतं. पहिल्याच दिवशी.” मग रिक्षा बोलावली, आणि मावशींबरोबर मी गेले.

दवाखान्यात काटा काढला, पट्टी बांधली. डॉक्टर म्हणाले, आणखी चार दिवस गेले असते तर पाय वाचवणं कठीण होतं. बाहेरच्या बाकावर मावशी पाय लांब करून बसल्या आणि मी त्यांना सगळं सांगितलं. मंडळ, पत्रक, दोन रेघा, सगळं. गोळ्या का सोडल्या तेही तेव्हा पहिल्यांदा विचारलं. बाईंनी सांगितलं नव्हतं, कोणीच सांगितलं नव्हतं. चक्कर आली की घ्यायची गोळी, असं त्या समजून होत्या, आणि वर्गाला यायला लागल्यापासून चक्कर थांबली होती.

मावशी म्हणाल्या, “म्हंजे माझा पाय गेला असता तर तुझा कागद भारी झाला असता.”

“हो,” मी म्हणाले.

“मंग लिव आता,” त्या म्हणाल्या. “बाईंवर नको. गोळीवर लिव. पन ती जेवनाआधी घ्यायची का नंतर, ते मला अजून कोनी नीट सांगितला नाय. तुला म्हायती हाय?”

मला माहीत नव्हतं. मी उठले आणि विचारायला आत गेले.