बाबांची चाल

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. असल्या गोष्टींवर माझा तेव्हाही विश्वास नव्हता, आजही नाही... पण हे मी इतकी वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं.

तेव्हा आम्ही दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत, मी नोएडातल्या एका नव्या आयटी कंपनीत. घरात पहिला कॉम्प्युटर आला आणि त्याबरोबर तो गेम – किल्ले, जादूगार, ड्रॅगन. एकाने आपली चाल खेळून सेव्ह करायचं, मग दुसऱ्याने. मी सकाळी ऑफिसला नेणारी चार्टर्ड बस पकडण्याआधी खेळायचो, बाबा संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर. एकेक डाव महिनाभर चालायचा. आई म्हणायची, "पानिपत इथून दोन तासांवर आहे, तिकडेच जा ना दोघं."

बाबांचा एकच सरदार, लाल झेंड्याचा. त्याला ते फार जपून फिरवायचे. आणि तरी जिंकत होते.

बायपाससाठी हॉस्पिटलला निघताना म्हणाले, "चाल माझी आहे. हात लावू नकोस."

ऑपरेशन नीट झालं. चौथ्या दिवशी दुपारी मी जेवायला घरी आलो, कॉम्प्युटर लावला... आणि बाबांची चाल खेळलो. त्यांच्या सरदाराला सरळ ड्रॅगनांच्या गुहेत घातलं. तो मेला. त्याच फाइलवर सेव्ह केलं. का? मला हरायचं नव्हतं, बस. प्लग काढला, कुलूप लावलं आणि निघालो.

हॉस्पिटलमध्ये आई रडवेली होऊन बसली होती. बाबांना अचानक ताप भरला होता, डॉक्टरांना कारण सापडत नव्हतं. मी आत गेलो. समोरच्या घड्याळात साडेचार. बाबांनी डोळे उघडले.

"फार आग होती रे तिथे. मला आत का पाठवलंस?"

"औषधांमुळे भास होतोय तुम्हाला," मी म्हणालो.

संध्याकाळी एकटाच घरी आलो. कुलूप तसंच, दोन्ही किल्ल्या माझ्याच खिशात, प्लग काढलेला. गेम उघडला. लाल सरदार गुहेच्या तोंडाशी उभा होता. सैन्य पूर्ण. चाल बाबांची. फाइलवरची वेळ – साडेचार.

सकाळपर्यंत ताप उतरला.

घरी आल्यावर बाबांनी सरदाराला गुहेपासून मागे फिरवलं, माउस माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "आता तू." पुन्हा कधी काही विचारलं नाही.

सेव्ह झालंच नसेल, कॉम्प्युटरचं घड्याळ चुकलं असेल – सगळं स्वतःला सांगून झालं. पण बाबांचा तो प्रश्न?

आता आम्ही नोएडात राहतो. बाबा चौऱ्याऐंशीचे आहेत. तोच जुना गेम लॅपटॉपवर अजून खेळतो आम्ही. गेल्या महिन्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनला निघताना ते म्हणाले, "चाल माझी आहे." आणि थांबले. पुढचं वाक्य बोललेच नाहीत, नुसते माझ्याकडे बघत राहिले.

मी त्यांच्या पायाशी बसलो.

"बाबा, तेव्हा तुम्हाला आत मीच पाठवलं होतं. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोललो. मला माफ करा."