लाभ म्हणजे एक

"भीती कुठे वाटते? बोट ठेवून दाखवा."

वाघचौरे डॉक्टर ऑपरेशनच्या आदल्या दिवशी प्रत्येक पेशंटला हे विचारायचे. वाटते का, असं नाही. कुठे वाटते, असं. मुतखड्यासारखी ती कुठेतरी असणारच, हे त्यांनी धरूनच चाललेलं असायचं. मिशीवाले पुरुष "छ्या, भीती कसली" म्हणायचे. डॉक्टर खुर्ची ओढून बसायचे आणि वाट बघायचे. मग हळूच कोणाचं बोट छातीवर जायचं, कोणाचं बेंबीवर. सिन्नरकडच्या एका आजीबाईंनी नाकावर बोट ठेवलं. "त्या शेजारच्या खाटंवालीला नळी घातली ना, ती बघितल्यापासून इथं लय भेव वाटतो बाबा." डॉक्टरांनी केसपेपरवर खरोखर लिहिलं, 'भीती – नाकात', आणि भूल देणाऱ्या मॅडमना सांगितलं, की यांची नळी झोप लागल्यावर घाला आणि जाग यायच्या आत काढा. आजीबाई घरी जाताना सगळ्या वॉर्डाला सांगत गेल्या, की मला नळी घातलीच नाही.

पंचवटीत भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं वीस खाटांचं हॉस्पिटल होतं. मी तिथे बावीस वर्षं ऑपरेशन थिएटरची सिस्टर होते. डॉक्टर गेले त्याला आता दहा महिने झाले. त्यांच्याविषयी लिहायचं मनात बरेच दिवस होतं, पण लिहायला बसवलं ते माझ्या स्वतःच्या भीतीनं. ते शेवटी सांगते.

मी मुळात भित्री. पाल दिसली तरी स्वयंपाकघर सोडून देणारी. नोकरी मागायला गेले तेव्हा डॉक्टरांनी सर्टिफिकेटं बाजूला सारली आणि विचारलं, "घाबरतेस का?"

"नाही सर," मी म्हटलं. इंटरव्ह्यूला असंच म्हणायचं, असं मैत्रिणींनी पढवलं होतं.

"मग दुसरीकडे बघ. न घाबरणारी माणसं मला थिएटरमध्ये नकोत."

मी दारापर्यंत गेले, आणि काय वाटलं कोण जाणे, परत फिरले. "सर, खरं सांगू का? आत्तासुद्धा पाय लटपटतायत."

"ये उद्यापासून," ते म्हणाले. "माझंही आडनाव तेवढं वाघचौरे आहे. काळीज सशाचंच."

मला वाटलं, थट्टा करतायत. पण ते खरंच होतं. मोठं ऑपरेशन असलं की सकाळी त्यांना चहा जायचा नाही. चौथ्यांदा हात धुवून झाले तरी पाचव्यांदा धुवायचे. पोटावर पहिली रेघ मारायच्या आधी क्षणभर थांबून कोणाला तरी, देवाला की पेशंटला ते कळायचं नाही, "चला" म्हणायचे. ती रेघ मारली, की मग हात असे चालायचे, की बघत राहावं.

त्यांच्या हॉस्पिटलात एका वाक्याला बंदी होती. 'काही होत नाही.' आपल्याकडे हे वाक्य राम रामसारखं वापरतात. सुई टोचताना काही होत नाही, टाके काढताना काही होत नाही. वॉर्डातल्या मावशीच्या तोंडून ते निसटलं, की डॉक्टर व्हरांड्याच्या त्या टोकाकडून ओरडायचे, "काही होत नाही, तर मग इथं कशाला झोपवलंय त्याला? होणार ते सांगा!" आणि स्वतः सांगायचे. पोट कापणार, जागे झालात की दुखणार, दोन दिवस पाणी नाही, चौथ्या दिवशी उभं करणार, तेव्हा मला शिव्या देणार. माणसं हे ऐकून घाबरायची खरी, पण झोपायची.

आता माझ्या चुकीकडे येते. बरीच पानं फिरवून मी तिच्यापासून लांब राहिले असते, पण ती वगळली तर डॉक्टर तुम्हाला कळणार नाहीत.

माझे वडील सायखेड्याच्या बाजारात मापारी होते. पायलीनं धान्य मोजून द्यायचे. मोजताना पहिल्या पायलीला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, ही जुनी रीत. लाभ, दोन, तीन, चार. सुरुवात शुभ शब्दानं व्हावी म्हणून. लहानपणी बोरं मोजली, चिंचोके मोजले, ते सगळे मी लाभपासून. नर्सिंगला गेल्यावर मुली हसल्या, तेव्हा मी ती सवय मोडली. म्हणजे मोडली असं मला वाटत होतं.

थिएटरमध्ये मोजणी फार महत्त्वाची. रक्त टिपायला हातरुमालाएवढ्या कापडी घड्या वापरतात, त्यांना मॉप म्हणतात. रक्तात भिजला की मॉप आणि आतडं यांत डोळ्यांना फरक दिसत नाही. म्हणून पोट उघडण्याआधी किती आणि शिवण्याआधी किती, हे मोठ्यानं मोजायचं आणि आकडा फळ्यावर लिहायचा. त्या काळी मॉप आम्हीच शिवायचो, धुवायचो. गठ्ठ्यात किती, हे ठरलेलं नसे. मोजलं तेवढंच खरं.

मला नोकरीला लागून तीन महिने झाले होते. दिंडोरीकडची तिशीतली एक बाई आली, आतड्याला पीळ पडलेली, पांढरी फटक. मोठ्या सिस्टर मंगलताई फळ्यापाशी आणि मी पहिल्यांदाच एकटी मोजणीला. त्या बाईचा चेहरा बघून मी घाबरले होते. मी गठ्ठा सोडला, मोजला, मंगलताईंनी फळ्यावर नऊ लिहिलं. डॉक्टर बेसिनवर हात धूत होते, पाठ आमच्याकडे.

दोन तास गेले. पीळ सुटला. शिवायच्या आधी मी भिजलेले मॉप मोजले. नऊ. "नऊ सर, बरोबर," मी म्हटलं आणि दोऱ्याची सुई पुढे केली. डॉक्टरांनी ती घेतली नाही.

"सकाळी मोजताना पहिला काय म्हणालीस?"

"एक, सर."

"त्याच्या आधी काहीतरी म्हणालीस. मी ऐकलं."

भूल देणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "सर, प्रेशर उतरतंय. मोजणी जुळली आहे, बंद करू या."

"एक मिनिट," डॉक्टर म्हणाले. आवाज चढला नव्हता. पण कपाळावरचा घाम भुवईपर्यंत आला होता. "सुमन, पहिला मॉप हातात घेऊन काय म्हणालीस?"

आणि मला आठवलं. भीतीनं माझ्या तोंडून वडिलांचा शब्द निघाला होता, 'लाभ'. तो निघाल्यावर मी लाजले, आणि पुढचा मॉप घेऊन नव्यानं 'एक'पासून सुरू केलं.

"लाभ म्हणाले, सर."

"लाभ म्हणजे?"

"म्हणजे... म्हणजे एक."

फळ्यावर नऊ होते. गठ्ठ्यात दहा होते. डॉक्टरांनी हात परत त्या पोटात घातला. मॅडम प्रेशरचे आकडे सांगत होत्या, प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा कमी. मी मनात सायखेड्याच्या सगळ्या देवांची नावं घेत होते. ती बाई माझ्या एका शब्दामुळे मरणार, याची मला खात्री झाली होती. इतकी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती. यकृताच्या मागून डॉक्टरांनी तो बाहेर काढला आणि ट्रेमध्ये टाकला. "दहा," ते म्हणाले. "आता सुई दे."

बाई वाचली. बाहेर तिचा नवरा उभा होता. माझं नाव निघणार म्हणून मी भिंतीला चिकटून ऐकत होते. डॉक्टर त्याला म्हणाले, "आमची मोजणी चुकली होती. आत एक कापड राहत होतं, ते शोधून काढलं. म्हणून उशीर झाला. बाई अशक्त आहे, दोन दिवस काळजीचे." नवऱ्यानं विचारलं, "राह्यलं नाय ना पण?" "नाही." "मग तुमी सांगितलं नसतं तर मला काय कळलं असतं?" "म्हणूनच सांगितलं," डॉक्टर म्हणाले. मला आजही तो 'आमची' शब्द आठवला की भरून येतं.

मी राजीनामा लिहून त्यांच्या खोलीत गेले. ते टेबलावर दोन्ही हात पालथे ठेवून बसले होते. "बघ," म्हणाले, "आता थरथरतात. आत असताना त्यांना सवड नव्हती." राजीनामा त्यांनी वाचला नाही. म्हणाले, "बापानं शिकवलेला शब्द जात नसतो. भीती वाटली की माणूस आधी घरचंच बोलणार. तू तो दाबू नकोस, दाबलास म्हणून घोटाळा झाला. उद्यापासून पहिल्याला लाभच म्हणायचं. आणि मंगलनं लगेच म्हणायचं, म्हणजे एक. मग दोन."

तेव्हापासून आमच्या थिएटरची ती रीतच झाली. मी म्हणायची "लाभ", मंगलताई म्हणायच्या "म्हणजे एक", आणि बेसिनवर हात धुणारा माणूस नळ बंद करायचा. मोजणी संपली, की मगच नळ परत सुरू व्हायचा. एकदा मी विचारलं, की सर, तुम्ही कशाला थांबता, आम्ही आहोत ना मोजायला. "मोजणारा चुकणारच गं," ते म्हणाले. "ऐकणारा चुकला की माणूस जातो."

लोकांना वाटतं सर्जन हातांनी मोठा होतो. आमच्या डॉक्टरांनी चाकू कायमचा खाली ठेवला तेव्हा हात शाबूत होते. एके सकाळी माझं "लाभ" झालं, मंगलताईंचं "म्हणजे एक" झालं, आणि नळ चालूच राहिला. त्यांना ऐकूच आलं नव्हतं. मी जाऊन खांद्याला हात लावला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, फळ्याकडे पाहिलं. ते ऑपरेशन त्यांनी दुसऱ्या सर्जनला बोलावून करून घेतलं आणि त्यानंतर स्वतः एकही केलं नाही. गावभर हळहळ झाली. कानाला यंत्र लावा, असं सगळ्यांनी सुचवलं. "यंत्र ऐकतं, पण सगळंच सारखं ऐकतं," एवढंच म्हणाले.

शेवटच्या आजारात मी त्यांना भेटायला गेले. तोवर ठार बहिरे झाले होते, बोलणं वहीवर लिहून चालायचं. मी धीर करून वहीत लिहिलं, 'सर, भीती कुठे वाटते?' वाचून ते हसले. मग त्यांनी बोट उचलून कानावर ठेवलं. "सगळे येऊन काय काय बोलतात," ते म्हणाले, "कोण काय मोजतंय, काही कळत नाही." मी त्यांचा हात धरून बसले. पंधरवड्यानं ते गेले.

आणि ते गेल्यावर महिन्याभरात माझ्या गर्भाशयाला गाठ निघाली. साधी की वाईट, ते काढल्याशिवाय कळणार नव्हतं. बावीस वर्षं दुसऱ्यांना टेबलावर घेणारी मी, आठ महिने टाळत राहिले. गुडघा दुखतो म्हणाले, भाचीचं लग्न म्हणाले. खरं कारण एकच, की ऐकणारा माणूस राहिला नव्हता. शेवटी भाचीच हाताला धरून मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेली. तिथला सर्जन पोरगेलासा, चांगला, हसरा. म्हणाला, "काही होत नाही, मावशी." माझं अवसान तिथेच गळालं.

टेबलावर झोपवलं. वर तो मोठा दिवा, जो मी हजारदा पुसला होता, खालून पहिल्यांदाच पाहत होते. डाव्या हाताला एक तरुण सिस्टर भराभरा मोजत होती, वन टू थ्री फोर. सर्जन पाठ करून कोणाशी तरी बोलत होता. कोणी ऐकत नव्हतं. मला वाटलं, उठून पळावं.

"डॉक्टर," मी म्हटलं, "किती म्हणाली ती?"

तो वळला. "काय मावशी?"

"तिनं मोजले ते किती झाले?"

त्याला सांगता आलं नाही. तो जरा लाल झाला, पण रागावला नाही. म्हणाला, "सिस्टर, पुन्हा मोजा. हळू." आणि तिच्याजवळ जाऊन उभा राहिला. तिनं पहिला मॉप उचलला, आणि तिच्याआधी माझ्याच तोंडून निघालं, "लाभ."

"काय म्हणालात, मावशी?"

"म्हणजे एक," मी म्हटलं. तेवढ्यात नाकावर मास्क आला. भीती तशीच होती, बेंबीच्या खाली, डाव्या बाजूला. कोणी विचारलं असतं तर बोट ठेवून दाखवली असती.

गाठ साधी निघाली. तिसऱ्या दिवशी ती सिस्टर सलाइन बदलायला आली आणि सुई हातात धरून घुटमळत राहिली.

"मावशी, तुमच्यामुळे माझी फजिती झाली. शिवायच्या आधी मोजायला घेतले, तर पहिल्यालाच माझ्या तोंडून लाभ निघालं. सर थांबले. सुई घेईनात. म्हणाले, लाभ म्हणजे?"

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हणजे एक," ती म्हणाली.