पासवर्ड कोण विसरलं?

आमच्या हॉलच्या कोपऱ्यात टीव्हीशेजारी एक कॉम्प्युटर आहे. मुलाने लॅपटॉप घेतला तेव्हा हा जुना आमच्याकडे आणून ठेवला. जागा अडते, पण सोय आहे. आमचे मिस्टर निवृत्त झाल्यापासून सकाळचा चहा घेऊन त्याच्यासमोर बसतात ते भाजीची फोडणी पडेपर्यंत उठत नाहीत. रिकामा पुरुष स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला की कामं होत नाहीत, म्हणून मला त्या यंत्राचं कौतुक नसलं तरी तक्रारही नाही.

मिस्टर सरकारी ऑफिसात पेन्शनच्या टेबलावर होते. आता पेन्शनरांच्या संघटनेचा पत्रव्यवहार बघतात. कुणाचं पेन्शन अडलं, कुणाच्या बायकोचं नाव चुकलं, की ती माणसं यांना मेल करतात आणि हे त्यांना कुठे काय लिहायचं ते सांगतात. पैसे मिळत नाहीत. मी एकदा विचारलं, मिळतं काय मग? तर म्हणाले, कागद पुढे सरकतो. मला ते उत्तर पटलं नव्हतं, पण मी पुन्हा विचारलं नाही.

दिवाळीनंतर हयातीच्या दाखल्याचे दिवस असतात. पेन्शनर जिवंत असल्याचा कागद ऑफिसात पोचला नाही, तर त्याचं पेन्शन थांबतं. मिस्टरांकडे सगळ्यात जास्त मेल येतात ते तेव्हा. आणि नेमकं तेव्हाच कॉम्प्युटरवर ती चौकट यायला लागली.

मेलचा प्रोग्रॅम उघडला की मधोमध एक लहान चौकट यायची आणि पासवर्ड मागायची. पासवर्ड टाकला की ती जायची, क्षणभर थांबायची आणि परत यायची. चूक काय झाली ते सांगायची नाही. आमच्या गेटवर एक वॉचमन होता तो असाच. नाव सांगा, मजला सांगा, सगळं ऐकून पुन्हा म्हणायचा, किधर जाना है?

मिस्टरांनी मुलाला फोन केला. मुलगा मुलुंडला राहतो, आम्ही कांदिवलीला, त्यामुळे बारीकसारीक गोष्टी फोनवरच होतात. त्याने तिकडून आपल्या मोबाइलवर बाबांचं खातं उघडलं. त्याच्याकडे लगेच उघडलं. म्हणजे पासवर्ड बरोबर होता. मग तो म्हणाला, बाबा, तुम्ही टाकताना चुकताय. त्याने पासवर्ड बदलून दिला. मिस्टरांच्या गावाचं नाव तेच ठेवलं, पुढचा आकडा बदलला. हे टाकायला बसले. चौकट परत आली. दोन-चार दिवसांनी त्याने पुन्हा आकडा बदलला. चौकट पुन्हा आली. शेवटी जुना आकडा कोणता नि नवा कोणता, हे मिस्टरांना खरंच सांगता येईना, आणि फोनवर मुलाला ते ऐकू आलं.

त्याने मला वेगळा फोन केला. म्हणाला, आई, बाबांच्या लक्षात राहत नाहीये, तू जरा लक्ष ठेव.

मी लक्ष ठेवलं. लक्ष ठेवलं की सापडतंच. एकदा चावी दाराला बाहेरून तशीच राहिली. एकदा कोथिंबीर आणायला सांगितली तर मेथी आणली. एकदा एकच बातमी दोनदा सांगितली. त्याच आठवड्यात मी आमटीत दोनदा मीठ घातलं, पण माझ्यावर कुणाला लक्ष ठेवायला सांगितलेलं नव्हतं.

सून चांगली आहे, तिने बदाम पाठवले. फोनवर गप्पा मारता मारता मध्येच विचारायची, बाबा, आज वार कोणता? हे आधी हसून सांगायचे. मग सांगण्याआधी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागले. त्यानंतर यांनी एकट्याने बँकेत जायचं सोडलं. मला म्हणाले, बरोबर चल. मी गेले. यांनी स्लिप भरली आणि मला तपासायला दिली. लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसाने मला कधी भाजीचा हिशोबही तपासू दिला नव्हता.

मुलाने डॉक्टरची वेळ घेतली. डोक्याचे डॉक्टर, बोरिवलीला बसतात. मिस्टर हो म्हणाले. मला वाटलं होतं भांडतील.

दुसऱ्या दिवशी मी मटार सोलत बसले होते. त्यांनी संघटनेच्या अध्यक्षांना फोन लावला. अध्यक्ष दहिसरला राहतात, यांच्याहून मोठे आहेत आणि कानाने कमी ऐकतात, त्यामुळे यांना मोठ्याने बोलावं लागतं.

“फायली घेऊन जा,” हे म्हणाले. “माझं डोकं आता चालत नाही.”

तिकडून काहीतरी विचारलं असावं, कारण यांनी तेच वाक्य आणखी मोठ्याने सांगितलं. मग फोन ठेवून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

मला रडू वगैरे आलं नाही. मला राग आला. हा माणूस आता रोज असा दारात उभा राहणार, हे मला दिसलं. आणि दुसरंही एक होतं. यांना पेन्शनचे नियम तोंडपाठ आहेत, कुठल्या साली काय बदललं ते सांगतात, आणि तीन बोटांवर मोजता येईल एवढा एक शब्द टाकायला चुकतात? रोज चुकतात? चूक रोज तीच करायलाही डोकं लागतं.

मला माझी बँक आठवली. फार वर्षांपूर्वी तिथल्या बाईने माझी सही जुळत नाही म्हणून पैसे द्यायला नकार दिला होता. मी चौथीपर्यंत शिकलेले. ती मला म्हणाली, नीट आठवून सही करा. मी तिच्यासमोर कोऱ्या कागदावर एकाखाली एक सह्या केल्या. सगळ्या सारख्या. मग तिने उठून कपाटातलं कार्ड काढलं. त्यावरची सही मी नवीन नवीन सही शिकले तेव्हाची होती, वेलांट्या वाकड्या. चूक माझ्या हातात नव्हती, तिच्या कपाटात होती. पण तोपर्यंत मागच्या रांगेतल्या सगळ्यांनी मला अडाणी ठरवून टाकलं होतं.

मी मटाराचं ताट बाजूला ठेवलं आणि यांना कॉम्प्युटरपुढे बसवलं. म्हटलं, जिथे पत्र लिहिता ते पान उघडा आणि त्यावर पासवर्ड लिहा. चौकटीत लिहिलं की नुसते ठिपके दिसतात. आत काय गेलं ते कुणाला कळणार?

“पासवर्ड कुणाला दाखवायचा नसतो,” हे म्हणाले.

“मी काय तुमच्या मेल वाचणार आहे?”

त्यांनी लिहिला. मी म्हटलं, आता उठा, पाणी पिऊन या. आले. म्हटलं, त्याखाली पुन्हा लिहा. मग मी मटार सोलले, कुकर लावला, मधूनमधून यांना हाक मारून पुन्हा लिहायला लावला. दुपारी झोपून उठल्यावर डोळे नीट उघडायच्या आत लिहायला लावला. मला इंग्रजी वाचता येत नाही. पण खालची ओळ वरच्या ओळीसारखी आहे की नाही, हे बघायला इंग्रजी लागत नाही. मी बोट ठेवून एकेक अक्षर बघितलं. सगळ्या ओळी सारख्या होत्या.

यांना मी काही म्हटलं नाही. एकच चुकीचा शब्द माणूस रोज तसाच लिहू शकतो, हे मलाही कळत होतं. बरोबर कोणता ते मुलालाच माहीत होतं. तेव्हा रविवारपर्यंत थांबायचं ठरवलं. तो सुनेला घेऊन जेवायला येणार होता.

रविवारी मटण केलं होतं. मुलगा आला, चपला काढल्या, नाकानेच चौकशी केली. मी म्हटलं, आधी तो कॉम्प्युटर, मग पान वाढते.

“आई, मी जेवून बघतो ना.”

“नाही. तू बस आणि तूच पासवर्ड टाक. बाबांना हात लावू देऊ नकोस.”

तो बसला. त्याने भराभर टाकला. चौकट गेली आणि परत आली. सून म्हणाली, मोठी अक्षरं चालू असतील. तसं नव्हतं. त्याने पुन्हा टाकला, या वेळी ओठ हलवत, एका बोटाने, अगदी त्याचे बाबा टाकतात तसा. चौकट परत आली. त्याने मोबाइल काढून तिथे तोच पासवर्ड टाकून बघितला. तिथे खातं उघडलं. पुन्हा कॉम्प्युटरवर टाकला. चौकट आली.

“आता तू काय विसरलास?” मी विचारलं.

मिस्टर खुर्चीमागे उभे होते. ते पंख्याकडे बघत होते, जसं काही पंखाच बिघडला होता.

मुलगा मग जरा वेळ मोबाइलवर वाचत बसला. मी पापड भाजून घेतले. परत आले तेव्हा त्याची मान खाली होती. म्हणाला, आई, दिवाळीत आलो होतो तेव्हा मी बाबांच्या खात्याला डबल सुरक्षा लावली होती. त्याच्या ऑफिसात कुणालातरी फसवलं होतं, म्हणून त्याने घाबरून आमच्या दोघांचीही खाती पक्की केली होती. तेव्हापासून मेल कंपनीला नुसता पासवर्ड पुरत नाही, मोबाइलवर आलेला आकडाही लागतो. मुलाच्या मोबाइलवर तो आकडा दिवाळीतच टाकून झाला होता, म्हणून तिथे पुन्हा मागितला गेला नाही. कॉम्प्युटरवरचा हा जुना प्रोग्रॅम तो आकडा मागतच नाही. त्यामुळे कंपनी त्याला दारातूनच परत पाठवते, आणि तो आमच्याकडे येऊन आपली तीच चौकट दाखवतो.

“म्हणजे बाबांचा पासवर्ड बरोबर होता,” सून म्हणाली.

“पहिल्या दिवसापासून,” बाबांनी लिहिलेल्या त्या सारख्या ओळी बघत मुलगा म्हणाला. एवढं तो स्पष्ट बोलला, ते मला आवडलं.

पुढचं काम फार मोठं नव्हतं. असल्या जुन्या प्रोग्रॅमसाठी कंपनी एक वेगळा पासवर्ड तयार करून देते. तो म्हणजे नुसत्या अक्षरांची लांब ओळ, त्याला काही अर्थ नसतो. कॉम्प्युटरने आपल्या पोटात जुने पासवर्ड साठवून ठेवले होते, ते मुलाने आधी शोधून पुसले. ते राहिले असते तर प्रोग्रॅमने पुन्हा तेच पुढे केले असते. मग कॉम्प्युटर बंद करून चालू केला. चौकट आली. मुलगा उठला आणि खुर्ची बाबांकडे ढकलली. मिस्टर बसले, मोबाइलवरची ओळ बघून एकेक अक्षर टाकलं आणि हात मांडीवर ठेवून थांबले.

चौकट आली नाही. मेल यायला लागल्या. दिवाळीपासून अडलेल्या सगळ्या, एकाखाली एक, खालपर्यंत.

मी पानं वाढली. मिस्टर उठले नाहीत. कुणा म्हाताऱ्या बाईचं पेन्शन थांबलं होतं, दाखला देऊनही. तिने पुन्हा पुन्हा मेल केली होती आणि शेवटच्या मेलमध्ये विचारलं होतं, साहेब, तुमची तब्येत बरी आहे ना? हे तिला उत्तर लिहीत बसले. मटण गार झालं. सुनेने ते परत गरम केलं आणि पहिल्यांदा यांना वार विचारला नाही.

मुलाने माफी मागितली नाही. आमच्या घरात ती पद्धत नाही. त्याने जेवताना मटणातली नळी बाबांच्या ताटात वाढली, जी एरवी तो स्वतः पळवतो. मिस्टरांनी संध्याकाळी दहिसरला फोन लावला आणि ओरडून सांगितलं की फायली राहू द्या. दोनदा सांगावं लागलं.

डॉक्टरची वेळ रद्द करू का, असं मुलाने मला हळूच विचारलं. मी म्हटलं, घेतलीयस तर जाऊ या. वय झालंय, कुणीतरी बघितलेलं बरं. एक चौकट चुकली म्हणून माणूस तरुण होत नाही. चावी दाराला राहिली होती ती राहिलीच होती.

आम्ही तिघं गेलो. डॉक्टरांनी यांना घड्याळाचं चित्र काढायला लावलं, उलटे आकडे म्हणायला लावले, बरंच काही विचारलं. शेवटी म्हणाले, वयाच्या मानाने ठीक आहे, चालत जा, झोप नीट घ्या. बाहेर पडलो, गाडीत बसलो, तेव्हा लक्षात आलं की यांची टोपी आतच राहिली. मुलगा काही न बोलता उतरला आणि घेऊन आला. मीसुद्धा बोलले नाही, कारण माझी पिशवी तिच्याशेजारीच राहिली होती. तीही तो घेऊन आला.

सिग्नलला गाडी थांबली. मिस्टर पुढच्या सीटवर होते. समोर बघत त्यांनी इंग्रजी अक्षरं म्हणायला सुरुवात केली. सावकाश, एकामागून एक, न अडखळता. मला वाटलं डॉक्टरचीच काही परीक्षा अजून चालू आहे. मुलाला मात्र कळलं. त्याने ऐकून घेतलं.

“बाबा, तो पासवर्ड लक्षात ठेवायचा नसतो,” तो म्हणाला. “एकदा टाकला की झालं. पुन्हा कधी लागत नाही.”

“माहीत आहे,” मिस्टर म्हणाले, आणि राहिलेली अक्षरं पुरी केली.