शोभाच्या गावचा टँकर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्या मित्राबरोबर रोज चहा पितो त्यालाही नाही. तुम्हालाच का सांगतोय? माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, एवढं एक बरं आहे.

मी वेबसाइटी बनवायचो. औरंगाबादेत — तेव्हा औरंगाबादच म्हणायचो आम्ही — सिडकोतल्या एका गाळ्यात आमची छोटी कंपनी होती. दुष्काळाची वर्षं. जायकवाडीनं तळ गाठलेला, मुकुंदवाडीत आमच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी, आणि तिकडं शहराबाहेर मात्र फ्लॅटवर फ्लॅट उठतायत. अशात आम्हाला काम मिळालं तेही टँकरचंच. कुठल्या गावात टँकर पोहोचला, हे एका सरकारी कार्यालयातल्या साहेबांना खुर्चीत बसून स्क्रीनवर दिसायला हवं होतं.

इथं थोडं कामातलं सांगावं लागेल, कंटाळू नका. वेबसाइटचं पान सर्व्हरवर तयार होतं, तेव्हा त्यात आपण स्वतः बनवलेला टॅग, म्हणजे कोडचा छोटा तुकडा, वापरता येतो. एकदा लिहून ठेवायचा, मग हवा तिथं टाकायचा, आणि दरवेळी त्याला व्हॅल्यू द्यायच्या. माझ्या टॅगला दोन लागायच्या — गाव कुठलं, आणि टँकरची स्थिती काय. शिंप्याला माप द्यावं तसं. टॅग ते घेऊन गावाचं नाव आणि पुढं ‘पोहोचला’ असा हिरवा किंवा ‘आला नाही’ असा लाल चौकोन काढून द्यायचा. फरक इतकाच की माप दिलं नाही तर शिंपी कापड शिवत नाही. माझा टॅग शिवायचा.

म्हणजे काय झालं — साहेबांना पहिल्यांदा पान दाखवलं, तेव्हा बऱ्याच गावांपुढचे चौकोन रिकामे होते. नोंदीच नव्हत्या. साहेबांचं तोंड वाकडं झालं. हे असलं मोकळं मोकळं काय दाखवता, वरचे लोक बघणार आहेत, म्हणाले. मी तिथंच बसल्या बसल्या टॅगमध्ये एक ओळ घातली. स्थितीची व्हॅल्यू आलीच नाही, तर ‘पोहोचला’ धर. पान एकदम हिरवंगार! साहेब खूश, आमचा मालक खूश. ती ओळ नंतर काढायची होती. विसरलो.

पण ही माझी कबुली नाही. विसरतो माणूस. एवढ्यासाठी कुणी इतकी वर्षं मूग गिळून बसत नाही.

शोभा ही लासूर स्टेशनच्या पलीकडच्या एका गावातली, टँकरच्या नोंदी भरणारी कॉम्प्युटर ऑपरेटर. बारावी झालेली, नवीनच लागलेली, घरात पगार आणणारी ती एकटीच. गावोगावच्या ऑपरेटरांना शिकवायला मीच गेलो होतो. वीज गेली, नेट गेलं तर काय करायचं, असं तिनं विचारलं होतं. मग रोज भरायची गरज नाही, टँकर आला तरच भरा, नाही आला तर मोकळं सोडलं तरी चालेल — हे माझं उत्तर. तिनं ते अक्षरशः पाळलं. पुढं तिच्या गावच्या टँकरवाल्यानं दांड्या मारायला सुरुवात केली, आणि ज्या दिवशी तो आला नाही, त्या दिवशी तिनं काही भरलं नाही. माझ्या पानावर मात्र ‘पोहोचला’. बायका रिकामे हंडे घेऊन कार्यालयात गेल्या, तर त्यांना स्क्रीन दाखवली. हे बघा, तुमच्याच ऑपरेटरनं भरलंय.

टँकरवाल्याकडून खाते, असं गाव बोलायला लागलं. ती बौद्धवाड्यातली. गावाला संशय घ्यायला वेळ लागला नाही. हेही मला तेव्हा कळत होतं — कळत नव्हतं असं म्हणणार नाही.

साहेबांनी तिला बोलावलं, मलाही. ती सकाळच्या गाडीनं आली होती. साहेबांकडं न बघता तिनं मलाच विचारलं, “सर, मी तर कायच भरलं नव्हतं. मग पोहोचला कसं काय दिसतंय?”

मला त्या क्षणी ओळ आठवली. कुठल्या फाइलीत आहे, तेसुद्धा. तोंड उघडायचं होतं फक्त. काय झालं असतं? साहेब ओरडले असते. मालकानं झापलं असतं. पुढचं काम कदाचित गेलं असतं. आमच्या घरात आजोबांपासून कारकुनी. चूक कबूल करायची तर वरच्यानं पकडल्यावर, हे मी लहानपणापासून बघितलेलं. पण तेही राहू द्या. मी घाबरलो. साधा, भेकडासारखा घाबरलो.

मी म्हणालो, “मशीन आपल्या मनानं काही लिहीत नाही, ताई. तुमच्याकडूनच दाबलं गेलं असेल.”

ताई म्हणालो. वर ताई!

ती भांडली नाही. आपल्या बोटांकडं बघत राहिली. त्याच आठवड्यात तिला काढलं.

आणि मी काय केलं? गाळ्यावर परत आल्याबरोबर ती ओळ काढून टाकली. व्हॅल्यू नसेल तर ‘नोंद नाही’. आणखी कुठल्या गावांत असं झालं होतं का, हे मी कधी उघडून पाहिलं नाही. तिच्या जागी दुसरा आला. टँकर आला नाही की आता स्क्रीनवर ‘नोंद नाही’ दिसायचं, कार्यालयातून टँकरवाल्याला फोन जायचा, आणि टँकर यायचा. गाव म्हणालं, बघा, बाई गेली आणि पाणी आलं. साहेब माझ्यासमोर म्हणाले, माणूस बदलला की सगळं सुरळीत होतं. मी “हो साहेब” म्हणालो. तिच्यावरचा आळ मी नुसता लावला नव्हता, दुरुस्ती करून पक्का केला होता.

एकदा तिचा फोन आला. नोकरी मागायला असेल असं वाटून मी आधीच सबबी जुळवत होतो. तिला एकच विचारायचं होतं.

“सर, आता बरोबर येतंय म्हणतात. म्हंजी माझाच हात लागत होता ना तवा?”

आता तर साहेब नव्हते समोर. मालक नव्हता. कुणीच नव्हतं.

मी म्हणालो, “हो. होतं असं.”

“मला लई दिवस वाटत होतं, माझं चुकलं नाय,” ती म्हणाली. “घरच्यांशी पण भांडले मी त्यावरून. बरं झालं सांगितलंत.”