शेवटच्या नळाचं प्रेशर

त्या वस्तीत सगळे त्याला 'शेवटचा नळ' म्हणत. तोंडावर नाही. तोंडावर प्लंबरकाका. पण जिन्यात पाणी ठिबकू लागलं की वरच्या मजल्यावरून हाक यायची, "अरे, शेवटच्या नळाला बोलवा कुणीतरी," आणि हा हत्यारांची पिशवी खांद्याला लावून हजर व्हायचा.

नाव त्याने स्वतःच ओढवून घेतलं होतं. पाणी कमी येतं म्हणून कुणी बोलावलं, तर तो आधी टाकी बघत नसे, मोटारही बघत नसे. घरातल्या सगळ्यात लांबच्या, सगळ्यात अडचणीतल्या नळाशी जाई, तो पूर्ण सोडे, धारेखाली तळहात धरे आणि म्हणे, "प्रेशर मोटारीशी बघायचं नसतं. शेवटच्या नळाशी बघायचं." हे वाक्य त्याने इतक्या घरांत ऐकवलं होतं की लोक ते त्याच्याबरोबर म्हणू लागले होते. त्याला त्यात थट्टा दिसत नसे. लोक शिकताहेत, असं वाटे.

दुसरं त्याचं वेड म्हणजे लपवलेली लाइन. भिंतीवरून उघडा पाइप गेलेला त्याला बघवत नसे. उघडा पाइप म्हणजे अर्धवट काम, असं त्याचं मत होतं आणि ते तो न विचारता सांगे. त्याच्या स्वतःच्या घरात एकही पाइप दिसत नव्हता. गळती लागली तर कुठे फोडायचं हे फक्त त्याला ठाऊक होतं, आणि एकदा त्यालाही नव्हतं, तेव्हा अर्ध्या स्वयंपाकघराच्या फरशा निघाल्या होत्या. त्यावर घरात कुणी बोलत नसे.

घरात बोलणारं तरी कोण, एक बायको. ती कपडे दुरुस्तीच्या दुकानात कामाला होती. पँटची उंची कमी करणे, कोटाची बाही आखूड करणे, चेन बदलणे. तिचा टाका असा की उसवून दाखवा म्हणावं. बोलायला कमी, आणि बोलली तर टाक्यासारखीच, लागेल तेवढंच.

तो घोरायचा. यात बातमी काही नव्हती, शेजाऱ्यांनाही नव्हती. पण घोरता घोरता तो मध्येच गप्प व्हायचा आणि ते गप्प होणं लांबत जायचं, हे त्याला ठाऊक नव्हतं. ठाऊक असणार कसं, तो झोपलेला असायचा. शेवटी बायकोनेच त्याला डॉक्टरकडे नेलं. तपासणी झाली आणि डॉक्टरांनी सांगितलं, की झोपेत घसा मिटतो, श्वास अडतो, आणि हे हृदयाला चांगलं नाही. मशीन घ्या. नळीतून हवा येईल, मास्कमधून नाकात जाईल, आणि तिच्या दाबाने घसा उघडा राहील.

"प्रेशर किती?" त्याने विचारलं. इतका वेळ तो पेशंट होता, आता खुर्चीत सरळ बसला.

"दहा. म्हणजे दहा सेंटीमीटर पाण्याइतकं."

"दहा सेंटीमीटर? एवढ्यात तर नळ ठिबकतही नाही हो."

पण पाण्यात मोजतात हे ऐकून तो खूश झाला. डॉक्टरांचा धंदा फिरून फिरून आपल्याच धंद्याशी आला, असं त्याने घरी येताना बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "हं."

मशीन आलं आणि लागू पडलं. नाकावर मोठा मास्क, त्याला जाड नळी, नळीच्या दुसऱ्या टोकाला उशाशी डबा. सकाळी त्याचं डोकं हलकं असे. बायको तर पहिल्याच आठवड्यात एकदा इतकी गाढ झोपली की उठल्यावर आपण कुठे आहोत अशी छताकडे बघत राहिली. कामाला उशीर झाला तिला, आणि त्याचं तिला काही वाटलं नाही. तिचा चेहरा त्या दिवसांत उजळला होता, हे दुकानातल्या बायकांच्या लक्षात आलं. याच्या नाही आलं.

मग मेहुणी आली. पलंगावर टेकली, डब्याकडे बघितलं, नळी बोटाने उचलली आणि म्हणाली, "हे काय भावजी, मासे पाळलेत?"

बस. एवढंच पुरलं. ती गेली आणि हा टेप घेऊन भिंत मोजायला लागला.

पलंगामागच्या भिंतीपलीकडे अडगळीची खोली होती. मशीन तिथे फळीवर बसवायचं, भिंतीत भोक पाडायचं, नळी भिंतीतून फिरवून उशाशी काढायची, साधा बेत होता. मशीनबरोबरची जाड नळी खाचेत बसेना, म्हणून त्याने बारीक आणली. बारीक नळी पुरेना, म्हणून तीन तुकडे जोडले. मध्ये खांब आडवा आला, म्हणून दोन काटकोनी एल्बो टाकले. थंड भिंतीतून हवा गेली की तिची वाफ आत पाणी होऊन नाकाशी गुडगुडेल, हेही त्याने आधीच ओळखलं. तो काही कच्चा कारागीर नव्हता. बेसिनखाली असतं तसं एक वाकण त्याने खाली काढलं, म्हणजे पाणी तिथे साठावं. मग प्लास्टर केलं, घासलं, रंग मारला. उशाशी एक पितळी कडी तेवढी दिसे आणि तिच्यातून हातभर नळी. मास्कही त्याने बदलला. मोठ्याने गालावर वळ उठत, म्हणून नाकपुड्यांशी बसणारा छोटासा घेतला.

काम झकास झालं होतं, यात वाद नाही. येईल त्याला तो आत नेऊन दाखवी. "सांगा बघू लाइन कुठून गेलीय?" लोक भिंतीकडे बघत, मान हलवत. मेहुणीलाही मुद्दाम बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "कळतच नाही हो." त्या रात्री त्याने तिचे मागचे बरेच अपराध माफ करून टाकले.

रोज सकाळी उठला की तो अडगळीच्या खोलीत जाई, मशीनच्या पडद्यावरचा आकडा बघे आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून सांगे, "दहा!"

बायको चहा गाळता गाळता म्हणे, "हं."

पुढे त्याला दिवसा पेंग यायला लागली. एका घरी सिंकखाली आडवा झाला होता, तिथेच डोळा लागला. घरमालकीण बराच वेळ त्याच्या पायांशी बोलत होती. त्याने वयावर ढकललं. वय काही तक्रार करायला येत नाही, तेव्हा त्याच्यावर काहीही ढकलता येतं.

पण मग बायकोच्या हातून ती पँट झाली. उंची कमी करायला आलेली, कुठल्याशा साहेबांची. तिने दोन्ही पाय तळाशी शिवून बंद केले. नीट, बारीक टाक्यांनी. साहेबांनी दुकानातल्या पडद्याआड पाय घातला, तो अडला, ते एका पायावर उड्या मारत पडद्याबाहेर आले. मालक हसला, साहेब हसले नाहीत. तिने निमूट उसवून दिली आणि घरी आल्यावर सांगितलं, "आज माझा शिवता शिवता डोळा लागला."

"चष्म्याचा नंबर वाढला असेल," तो म्हणाला आणि तिला चष्म्याच्या दुकानात घेऊन गेला. नंबर होता तेवढाच होता.

मशीन ज्या केंद्रातून घेतलं तिथे तपासणीला जायची वेळ आलीच होती. दोघं मशीन आणि मास्क घेऊन गेले. तिथली बाई तरुण होती, कमी घाईची. तिने मशीनमधलं कार्ड संगणकाला लावलं आणि कपाळाला आठी घातली.

"काका, श्वास अडायचं प्रमाण परत वाढलंय. सुरुवातीला छान होतं. काय बदललं मध्ये?"

"काही नाही. मी रोज बघतो. दहा म्हणजे दहा."

"मास्क?"

"तो छोटा घेतला."

"नळी?"

इथे त्याचा चेहरा खुलला. त्याने कागद मागितला, पेन्सिल मागितली, आणि भिंत, खांब, एल्बो, वाकण सगळं काढून दाखवलं. चित्र चांगलं आलं. बाईने ते बराच वेळ बघितलं.

"हे वाकण कशाला?"

"पाणी साठायला."

"साठतं?"

"साठणारच. त्यासाठीच तर काढलंय."

"मग हवा कुठून जाते?"

त्याने आपल्याच चित्राकडे पाहिलं. "पाण्यातून," तो म्हणाला, आणि पेन्सिल खाली ठेवली.

बाईने फडताळातून बारीक नळ्या काढल्या, चित्राबरहुकूम जोडल्या, एका ठिकाणी वाकवून आत थोडं पाणी ओतलं, आणि त्याला मास्क लावून बसवलं. मशीन सुरू केलं. पडद्यावर आकडा आला.

"दहा," तो मास्कमधून बायकोला म्हणाला. "बघ."

मग बाईने घड्याळाएवढा एक मीटर मास्कपाशी जोडला. काटा सातावर उभा होता. त्याने श्वास ओढला, काटा सहाच्या खाली गेला. सोडला, वर आला. परत ओढला, परत खाली.

"हवा थांबलेली असली की दाब सगळीकडे सारखाच," बाई म्हणाली. "वाहायला लागली की नळी दाब खाते. लांब नळी जास्त खाते, बारीक त्याहून जास्त. मास्कच्या भोकांतून हवा सारखी बाहेर पडत असते, वर तुम्ही श्वास ओढता. नेमका ओढताना घसा मिटायला बघतो, आणि नेमकं तेव्हाच प्रेशर कमी. मशीन आपल्या तोंडाशी मोजतं, काका. पुढे किती जाईल ते अंदाजाने धरून तेवढं वाढवून देतं, पण कुठली नळी, कुठला मास्क ते त्याला सांगावं लागतं. त्याला वाटतंय, तुमची अजून ती जाड नळीच आहे."

त्याला हे सगळं समजत होतं. इतकं समजत होतं की मधे बोलायची सोय नव्हती. नळ बंद ठेवून मीटरवर पुरेसं प्रेशर कुणीही दाखवतो, हे तो कालच एका गिऱ्हाइकाला सांगून आला होता.

"प्रेशर मोटारीशी बघायचं नसतं," भिंतीजवळच्या खुर्चीतून बायको म्हणाली. टोमणा नव्हता. इतकी वर्षं कानावर पडलेलं वाक्य, ते आपसूक बाहेर आलं. वाक्याचा दुसरा अर्धा भाग कुणीच म्हटला नाही.

बाई तिच्याकडे वळली. "काकू, रात्री घोरतात का हे?"

"घोरतात."

"तुमची झोपमोड होत असेल."

"नाही. घोरतात तोवर मला बरं वाटतं. गप्प झाले की हलवते."

"रात्रीतून किती वेळा?"

"मोजत नाही. जागीच असते ना मी."

"कधीपासून?"

"आधी होतेच कितीतरी वर्षं. मधे मशीन आलं तेव्हा झोपले. आता परत."

तिने हे पँटची उंची सांगावी तसं सांगितलं. त्याने मास्क काढला. त्याला राग आला होता, पण कुणाचा ते ठरेना, आणि ठरलं तेव्हा त्याने आपलं चित्र चुरगळून खिशात घातलं. बाईने समजून पाठ केली आणि नळ्या आवरत बसली.

घरी जाताना तो रस्त्यात थांबला. "मला का नाही बोललीस?"

"सगळ्यांना दाखवत होता तुम्ही."

"म्हणून काय झालं?"

"आणि रंग इतका छान बसला होता, अहो."

घरी गेल्यावर त्याने छिन्नी-हातोडा काढला, कपडेसुद्धा बदलले नाहीत. प्लास्टर स्वतः केलेलं, त्यामुळे निघता निघेना. पितळी कडी शेवटी निघाली, ती त्याने खिडकीबाहेर टाकायला हात उचलला आणि मग पिशवीत ठेवली, पितळ होतं.

रविवारी दुपारी सगळं जागेवर आलं. डबा उशाशी स्टुलावर, जाड नळी चादरीवरून उघडीवाघडी, नाकावर जुना मोठा मास्क. केंद्रातल्या बाईने मशीनला नळी आणि मास्क कुठला ते सांगून ठेवलं होतं, आणि मीटरही उसना दिला होता. त्याने तो मास्कपाशी लावून बघितला. शेवटच्या नळाशी दहा. भिंतीत अख्खा हात जाईल एवढी लांबच लांब खाच उघडी पडली होती. मेहुणी संध्याकाळी येणार होती. येऊ दे, तो म्हणाला.

"जरा आडवा होऊन बघतो," त्याने बायकोला सांगितलं. "तू बस बाजूला. ऐक, नीट चाललंय का."

ती बसली, मग तीही आडवी झाली आणि नेहमीसारखा त्याच्या पोटावर हात टाकला. हा हात लग्नानंतर लवकरच तिथे आला होता आणि रोज तिथे असे. त्याला वाटे, बायकोचा जीव आहे आपल्यावर. जीव होताच. पण हात कामावर होता, पोट वरखाली होतंय की नाही ते बघायच्या, हे आज त्याला मास्कच्या आत पडल्या पडल्या कळलं.

डबा हळू आवाजात चालू होता. त्याने श्वास घेतला, सोडला. मुद्दाम मोठा घेतला, तिला कळावा म्हणून. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवून गेलं. तिचा हात जड झाला, मग आणखी जड झाला, मग पोटावरून घसरला आणि गादीवर पडला.

तो उचलून परत ठेवायला त्याने हात पुढे केला, आणि मागे घेतला. बायको घोरत होती. तो छताकडे बघत, न हलता पडून राहिला.